भाड्यावर जगायचं म्हणता, मग हिशेब मांडा

दुसरा फ्लॅट घ्या, भाडेकरू तुमचा हप्ता भरेल, आणि पंचेचाळिशीत नोकरी सोडून तुम्ही मोकळे व्हाल. हिंजवडी, वाकड, ताथवडे या पट्ट्यातल्या तरुण जोडप्यांच्या फोनवर असल्या रील आणि जाहिराती सतत येत असतात. मी याच पट्ट्यात भाडेकरार नोंदवून देण्याचं काम करते. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन स्कूटरवर घरोघरी जायचं, मालकाचा आणि भाडेकरूचा थंब घ्यायचा, फोटो काढायचे, साक्षीदारांची माहिती भरायची आणि नोंदणी खात्याकडे दस्त ऑनलाइन पाठवायचा. कोणत्या इमारतीतल्या कोणत्या फ्लॅटला किती भाडं ठरलं, डिपॉझिट किती घेतलं, मेंटेनन्स कोणी भरायचा, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर टाइप होतं. मालक आणि भाडेकरू दोघंही माझ्याशी मोकळेपणाने बोलतात, कारण मी त्यांच्यापैकी कोणाचीच बाजू घेत नाही.

या कामातून झालेलं माझं मत सरळ सांगते. कर्ज काढून घेतलेल्या दुसऱ्या फ्लॅटच्या भाड्यावर नोकरदार माणूस मोकळा होत नाही, तो आणखी वीस वर्षांसाठी बांधला जातो. भाड्यावर सुखाने जगणारी माणसं आहेत, मी त्यांच्याकडे चहा पिते. पण त्यांचा मार्ग जाहिरातीतला नाही.

आधी आकडे मांडू. वाकडमधला नवा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला टू बीएचके ८० लाखांना धरू. प्रमाणपत्र मिळालेलं असल्यामुळे जीएसटी लागणार नाही. बांधकाम चालू असताना घेतला असता तर ५ टक्के, म्हणजे ४ लाख वेगळे गेले असते. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. फ्लॅट एकट्या बाईच्या नावावर घेतला तर त्यात एक टक्का सूट मिळते, पण आपण नेहमीचा दर धरू. नोंदणी फी ३० हजार. मग मॉड्युलर किचन, कपाटं, पंखे, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या यांना ४ लाख धरा, कारण रिकाम्या भिंतींना या भागात बरा भाडेकरू मिळत नाही. झाले जवळपास ९० लाख.

अशा फ्लॅटला मेंटेनन्स धरून महिना २८ हजार भाडं मिळालं असं समजू, म्हणजे वर्षाचे ३ लाख ३६ हजार. रीलमधला माणूस इथे थांबतो आणि टाळ्या घेतो. आपण पुढे जाऊ. सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजार, वर्षाचे ४२ हजार. मालक स्वतः राहत नाही म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, तरी वर्षाला साडेतीन हजारांच्या घरात जातात. मालमत्ता कर १२ हजार. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला, या मधल्या रिकाम्या काळासाठी वर्षाला एक महिना धरा, २८ हजार. भाडेकरू दोन वर्षांनी बदलतो असं मानलं तर एक महिन्याची दलाली वर्षाला १४ हजारांवर येते. रंगकाम दोन वर्षांतून एकदा २५ हजारांत उरकलं तर वर्षाचे साडेबारा हजार. नळ, गीझर, गळती, कुलपं यांचे १० हजार. बेरीज होते सुमारे १ लाख २२ हजार. हातात उरले २ लाख १४ हजार, म्हणजे महिन्याला १७ हजार ८००. नव्वद लाखांवर हा परतावा अडीच टक्केही भरत नाही.

आता कर्ज बघा. फ्लॅटच्या किमतीच्या ८० टक्के म्हणजे ६४ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत वीस वर्षं. हप्ता ५५ हजार ५०० च्या वर जातो. भाडेकरू तुमचा हप्ता भरतो म्हणतात, तो त्यातले १७ हजार ८०० भरतो. उरलेले ३७ हजार ७०० दर महिन्याला तुमच्या पगारातून जातात, आणि सुरुवातीला घातलेले २६ लाख वेगळेच. वीस वर्षांत बँकेला एकूण १ कोटी ३३ लाख दिले जातात. यावर कोणी म्हणेल की टॅक्स वाचतो. भाड्यातून मालमत्ता कर, मग ३० टक्के सरसकट वजावट आणि मग व्याज वजा होतं, हे खरं. पण त्यातून होणारा तोटा जुन्या करपद्धतीतही वर्षाला २ लाखांपर्यंतच पगारातून वळता करता येतो, आणि नव्या पद्धतीत तर पगारातून वळता करताच येत नाही. आता बहुतेक नोकरदार नव्या पद्धतीत आहेत. दहा वर्षांपूर्वीचं टॅक्सचं गणित घेऊन आज फ्लॅट विकणारे लोक ही गोष्ट सांगत नाहीत.

समजा कर्ज नाहीच, सगळा पैसा स्वतःचा आहे. घरखर्च महिना ६० हजार असलेल्या कुटुंबाला नोकरी सोडायची असेल तर असे तीन फ्लॅट पुरत नाहीत, चौथा लागतो. चार फ्लॅट म्हणजे ३ कोटी ६० लाख. ज्याच्याकडे एवढी रक्कम आहे त्याला आर्थिक स्वातंत्र्यासाठी फ्लॅटची गरजच उरत नाही. तुलनेसाठी साठी ओलांडलेल्यांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख झाली आणि तेव्हा व्याज ८.२ टक्के ठरलं. त्या दराने तीस लाखांवर तिमाहीला ६१ हजार ५०० मिळतात, म्हणजे महिना साडेवीस हजार. नव्वद लाखांचा फ्लॅट सगळा खर्च जाऊन जे देतो, त्याहून जास्त पैसे तीस लाख देतात, आणि रात्री साडेदहाला टाकी ओव्हरफ्लो झाली म्हणून कोणाचा फोन येत नाही. व्याज वाढत नाही आणि भाडं वाढतं, हा फरक मला मान्य आहे. पण तो फरक भरून निघायला भाडं किती वाढावं लागेल आणि किती वर्षं लागतील, ते कागदावर मांडून मगच बोलावं.

"अहो पण भाव वाढतो ना!" हा पुढचा प्रश्न असतोच. वाढतो. कधी झपाट्याने वाढतो, कधी वर्षानुवर्षं हलत नाही. २०१४ नंतरची बरीच वर्षं या पट्ट्यात दर थिजलेले होते आणि विकायला काढलेले फ्लॅट विकले जात नव्हते. २०२० मध्ये कंपन्यांनी लोकांना घरी बसवलं तेव्हा एकेका इमारतीतले भाडेकरू सामान भरून लातूर, नागपूर, इंदूरला निघून गेले. मालकांचे हप्ते मात्र घरी गेले नाहीत. पुढे कंपन्यांनी परत बोलावलं आणि भाडी वर चढली, तेव्हा तेच मालक खूश झाले. म्हणजे किमतीवर पैज लावणं हा एक वेगळाच व्यवहार आहे, त्यात फायदाही होतो आणि विकताना त्यावर करही भरावा लागतो. पण वाढलेल्या भावावर किराणा येत नाही. फ्लॅटची एक खोली विकून मुलीची फी भरता येत नाही. दर महिन्याच्या खर्चाला जो पैसा लागतो तो भाड्यातूनच यायला हवा, आणि तिथेच हे गणित लंगडं पडतं.

दुसरी बाजू कामाची. बसल्या जागी पैसे येतात हा समज माझ्या फोनमध्ये टिकत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या एका मालकाचा करार मी दरवर्षी करते. त्यांच्या वतीने कुलमुखत्यार म्हणून त्यांचे वडील थंब देतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. मशीनवर अंगठा उमटता उमटत नाही. ओल्या फडक्याने पुसायचा, थोडं क्रीम लावायचं, पुन्हा पुसायचा, डावा नाही तर उजवा, शेवटी मधलं बोट. प्रत्येक वेळी ते मला म्हणतात, "मॅडम, मुलाला सांगा, आता हे विकून टाक." गेल्या पावसाळ्यात वरच्या फ्लॅटमधून बाथरूमची गळती सुरू झाली. वरचा मालक बंगळुरूला, खालचा अमेरिकेत, मधे भाडेकरू बादली लावून बसलेला, आणि सोसायटीच्या ऑफिसमध्ये वीस मिनिटं उभे राहून भांडणारे हे आजोबा. भाडं मुलाच्या खात्यात जमा होत होतं, काम वडील करत होते. घरात कोणीतरी बिनपगारी काम करतं म्हणून ते उत्पन्न बसल्या जागचं दिसतं. बहुतेक घरांत ते काम सासरे, आई किंवा बायको करते.

भाडेकरू ठेवण्याची भीती मात्र आता बाळगण्याचं कारण नाही, हे मी माझ्या धंद्यावरून ठामपणे सांगते. आपल्याकडे ही भीती जुनी आहे आणि विनाकारण आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांचे मालक दहा-बारा रुपये भाडं घेत आणि वाडा डोळ्यांदेखत ढासळताना बघत, कारण कौलं बदलायलाही ते भाडं पुरत नसे. १ फेब्रुवारी १९७३ ला लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही कायद्याने भाडेकरूचं संरक्षण दिलं आणि मग मुंबईत लोकांनी फ्लॅट कुलूप लावून ठेवले, पण भाड्याने दिले नाहीत. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडी गोठवून ठेवणाऱ्या त्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असं म्हटलं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

आजच्या मालकाची सुरक्षितता त्या कायद्याच्या दोन कलमांत आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं मानलं जातं. कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. आमच्या भागात २८ हजार भाडं आणि लाखभर डिपॉझिटच्या अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क आठशे रुपयांच्या आसपास आणि नोंदणी फी हजार रुपये लागते. एवढे पैसे वाचवायला पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करणारे मालक आजही भेटतात, आणि नव्वद लाखांची वस्तू परक्याच्या हातात देताना ही काटकसर कशासाठी, ते मला कळत नाही. सांगायचा मुद्दा असा की कायद्याचा अडसर गेला. आता आडवी येते ती फ्लॅटची किंमत.

मग भाड्यावर सुखाने जगतं कोण? हिंजवडीच्या पलीकडे, माणच्या बाजूला एक मावशी आहेत. वडिलोपार्जित जागेवर त्यांनी हळूहळू मजले चढवले. एकेक खोली, मोरी, बाहेर गॅलरी. साडेसहा हजार भाडं, लाइटबिल मीटरप्रमाणे. राहणारे बहुतेक कंपन्यांतले सिक्युरिटी गार्ड, कॅन्टीनची पोरं, नुकती नोकरी लागलेली दोघं-तिघं मिळून. जमिनीला पैसे पडले नाहीत. बांधकामाला खोलीमागे चारेक लाख गेले असं त्या सांगतात. वर्षाला खोलीमागे ७८ हजार येतात. यात खर्च कितीही वजा केला तरी परतावा बँकेच्या व्याजाच्या कितीतरी वर राहतो. हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाकडच्या एसी हॉलमध्ये गुंतवणुकीवर भाषणं देणाऱ्यांची मला कीव आली.

पण मावशींना बसून खाता येतं म्हटलेलं आवडत नाही. "ताई, पाचला उठून मोटार कोण लावतं त्ये इचारा की. टँकर आला न्हाई तर पंधरा बादल्या माझ्याच दारात येत्यात." त्यांच्याकडे एक लांबट वही आहे. प्रत्येक खोलीला एक पान, आधारची झेरॉक्स टाचलेली, पाच तारखेपर्यंत आलं तर बरोबरची खूण, नाही आलं तर गोल. दोन गोल झाले की त्या स्वतः वर जाऊन दारात बसतात. एकदा एका पोराची नोकरी गेली तेव्हा त्याला तीन महिने भाडं मागितलं नाही, वर जेवायलाही दिलं. पुढे त्यानेच त्यांना चार भाडेकरू आणून दिले. हा धंदा आहे, आणि त्या तो धंद्यासारखा करतात: जागेवर राहून, माणसं ओळखून, रोज. अर्थात अशा सगळ्याच इमारतींना बांधकाम परवानगी असते असं नाही, आणि नोटीस येण्याची टांगती तलवार कित्येकांच्या डोक्यावर आहे. त्यामुळे हे उदाहरण उचलून कोणी लगेच गुंठेवारीत प्लॉट घ्यायला धावू नये. मावशींचं गणित जमतं कारण जमीन आधीच हातात होती. जमीन विकत घ्यावी लागली की तेच गणित तुमच्या-आमच्यासारखं होतं.

दुसरा सुखी वर्ग आहे तो सरकारी नोकरी किंवा बँकेतून निवृत्त झालेल्यांचा, ज्यांनी २००० च्या आसपास पिंपळे सौदागर, कोथरूड, सिंहगड रोडला घेतलेल्या फ्लॅटचं कर्ज कधीच फिटलं आहे. तिसरा, स्वतःच्या बंगल्याचा वरचा मजला देणाऱ्यांचा. या तिघांमध्ये सारखं काय ते बघा: डोक्यावर कर्ज नाही, जागा स्वस्तात किंवा फुकट हाती आलेली, आणि मालक त्याच गावात. यातलं एकही नसलेला तिशीतला इंजिनीअर जेव्हा ताथवड्याला अठराव्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यासाठी बुक करतो, तेव्हा तो या लोकांच्या निकालावर भुलून परीक्षेला बसलेला असतो. अभ्यासक्रम वेगळाच आहे.

ज्यांना इमारतींच्या भाड्यातला वाटा हवाच आहे, त्यांच्यासाठी एक मार्ग आहे आणि तो हिंजवडीतून जातो. ज्या आयटी पार्कमध्ये हे तरुण कामाला जातात त्यांतले काही पार्क रीटच्या, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणाऱ्या ट्रस्टच्या, मालकीचे आहेत. एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात आला, माइंडस्पेस २०२० मध्ये. सेबीच्या नियमाप्रमाणे वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते आणि बहुतांश मालमत्ता बांधून पूर्ण, भाडं देणारी असावी लागते. एक युनिट काहीशे रुपयांना मिळतं. त्याचा भाव रोज खालीवर होतो, कंपन्यांनी जागा सोडल्या तर वाटप घटतं, म्हणून सगळे पैसे त्यात घाला असं मी म्हणत नाही. पण निदान तिथे दलाली, रंगकाम आणि वरच्या मजल्याची गळती दुसरं कोणी तरी बघतं, आणि महिन्याला पाच हजार बाजूला टाकणाऱ्यालाही सुरुवात करता येते.

माझ्या समोर थंब द्यायला बसलेल्या जोडप्यांनी विचारलं तर मी एवढंच सांगते: राहतं घर आधी पूर्ण फेडा. दुसरा फ्लॅट घ्यायचा तर वर्षाचं निव्वळ भाडं काढा, त्याला सगळा खर्च धरून झालेल्या किमतीने भागा, आणि तो आकडा कर्जाच्या व्याजाच्या निम्म्यालाही पोचत नसेल तर त्याला उत्पन्न म्हणू नका, किमतीवरची पैज म्हणा. पैज परवडत असेल तर खुशाल लावा.

आणि एक मागणी सरकारकडे. रेडी रेकनरमध्ये भागवार जागेचे दर छापले जातात. भाड्याचे लाखो करार नोंदणी खात्याकडे माझ्यासारख्यांच्या हातून जातात, त्यात भाडं, डिपॉझिट, क्षेत्रफळ, पत्ता सगळं असतं. कोणाचंही नाव उघड न करता त्या आकड्यांवरून दरवर्षी प्रत्येक भागाचं सरासरी भाडं खात्याने जाहीर करावं. बिल्डरच्या ऑफिसात "इथे पस्तीस हजार सहज जातं" असं ऐकणाऱ्या माणसाला मोबाइलवर खरा आकडा बघता आला पाहिजे. जाहिरातीतल्या खोट्या विधानाबद्दल रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते, पण भाडं खरं किती हे सिद्ध करायला ग्राहकाकडे आज शेजाऱ्याच्या शब्दापलीकडे काही नसतं. हा तक्ता छापायला नवा कायदा लागत नाही, नवं खातं लागत नाही. माहिती आम्ही रोज भरतोच आहोत, ती लोकांसमोर ठेवण्याचं काम तेवढं बाकी आहे.